चितारीची शिदोरी

संगणक एकमेकांशी गप्पा मारत, तेव्हाची गोष्ट. चितारी नावाचा चित्रं काढणारा प्रोग्राम लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या गावोगावच्या संगणकांकडे निघाला.

"शिदोरी बांधून घे," त्याला घेऊन जाणारा पेटारा म्हणाला.

"कशाला? इथं मला कधी काही कमी पडलं नाही!"

"स्वतःच्या घरी सगळ्यांचंच भागतं. आधी शेजारच्या कोऱ्या संगणकावर जाऊन ये."

चितारी ऐटीत गेला आणि उंबऱ्यातच कोसळला. घरचा संगणक पुरवायचा ते रंग तिथं नव्हते, ना अक्षरांचे साचे. परतून त्यानं दोन्ही पेटाऱ्यात भरून घेतलं.

पुढं एका शाळेतला जुना संगणक ओशाळून म्हणाला, "तुला द्यायला माझ्याकडे काहीच नाही रे."

"पाय टेकायला जागा दे," चितारी हसला, "बाकी सगळं मी आणलंय."