पाचवीची निळी माळ

वेळ संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांची. एकदा एका घरी तान्ह्या बाळाची पाचवी पुजायची होती. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या जन्मापासून गोधड्यांनी झाकलेल्या. आत एकच पिवळा एलईडी. त्याच्या उजेडात बाळ कसे सोन्यासारखे दिसे!

पूजेसाठी आत्याने हौसेने निळ्या एलईडीची माळ लावली, पिवळा दिवा बंद केला, आणि बाळंतिणीने किंकाळीच फोडली.

"अगं बाई, माझं लेकरू निळं पडलं!"

ओठ निळे, नखे निळी. सासूच्या हातातले ताट सुटले. कुणी म्हणे दृष्ट काढा, कुणी म्हणे पाठ चोळा.

एक वृद्ध सुईण आपल्या शिष्येसह पूजेला आली होती. तिने बाळ उचलले नि थेट अंगणात नेले.

"अहो आजी! पाचवीचं लेकरू उंबऱ्याबाहेर?" सासू ओरडली.

"आधी त्याचा रंग तरी कळू दे."

उन्हात ओठ छान गुलाबी! सर्वांचा जीव भांड्यात पडला. आत्या म्हणाली, "वहिनी, केवढ्यानं ओरडलात! माळेचा रंग होता तो."

आजी मात्र हसली नाही. तिने बाळाच्या छातीवर बोट दाबून उचलले. खालची कातडी पिवळीधमक. पोटही पिवळे, डोळेही पिवळे.

"कावीळ आहे. रिक्षा बोलवा."

बाळंतीण म्हणाली, "पण मी तर रोज बघत होते हो..."

वाटेत शिष्येने विचारले, "आजी, निळेपणा खोटा होता, तर नुसती माळ विझवायची. बाहेर का नेलंत?"

"पोरी, माळ विझवली असती तर परत तोच पिवळा दिवा लावला असता. निळ्या उजेडानं नसलेलं संकट दाखवलं, म्हणून आपण ओरडलो तरी. पिवळ्यानं असलेलं संकट झाकलं, अन् आपण त्याला सोनं म्हणत बसलो. मनाला बरं वाटतं तेच खरं दिसतं असं नाही. दिवा शोभेला लावावा, साक्षीला सूर्य घ्यावा."

दवाखान्यात बाळाला निळ्याच दिव्याखाली ठेवले तेव्हा बाळंतीण पुन्हा हबकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा काविळीवरच्या उपचाराचा दिवा, बाई. घरच्या माळेनं हे होत नाही. वेळेत आणलंत."

बाळ घरी आले त्या सकाळी भेटायला आलेल्या शिष्येने कुणाला न विचारता खिडकीवरची गोधडी काढली. सासूने ती घडी घालून ठेवली.

बायांनो, ओळखीत कुणी बाळंतीण असेल तर आजच तिला एवढा निरोप द्या: लेकराला रोज दिवसाच्या उजेडात बघ.