साहेबांच्या हाताचा आकडा

वैजयंती खरात विमानांची इंजिनं दुरुस्त करायची. एकदा इंजिनाचे सगळे बोल्ट आवळून झाले, पण पाइपांच्या मागचा एक राहिला. जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना तिथे शिरतच नव्हता. पान्याला लावायचा आखूड जोड दुसऱ्या हँगरमध्ये होता. तो आणून काम करायचं, तर विमानाला तासभर उशीर ठरलेला.

मुख्य अभियंते सबनीस तावातावाने आले. "साधा पाना घाला, अंदाजाने आवळा आणि सही करा. तीस वर्षं काढलीत मी इथे. माझा हातच टॉर्क पाना आहे!"

वैजयंती जागची हलली नाही. "बरं साहेब. मग कागदावर तुमच्या हाताचाच आकडा लिहू. आधी तो किती भरतो, ते बघू या."

तिने बाजूच्या जुन्या इंजिनाचे तीन बोल्ट दाखवले. सबनीसांनी बाह्या सरसावून तिन्ही आवळले. मेकॅनिक भोवती जमले. वैजयंतीने प्रत्येकाचा जोर मोजला. अडतीस, एक्कावन्न, साठ. हवा होता पंचेचाळीस.

पेन उघडून तिने शांतपणे विचारलं, "साहेब, यातला कुठला हात लिहू?"

सबनीसांनी तिन्ही बोल्टांकडे पाहिलं. मग फोन उचलून म्हणाले, "विमान उशिरा सुटेल. आणि तो जोड लगेच पाठवा."

जोड आला. पाइपांमागे तो चारदा निसटला, पाचव्यांदा बसला. पंचेचाळीसचा जोर भरताच पाना टक् वाजला, तेव्हाच वैजयंतीने सही केली.