द्वारकाक्कांच्या न्हाणीघरातला व्हॉल्व्ह

वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरात शॉवरच्या उकळत्या पाण्याने भाजून द्वारकाक्का गेल्या, त्याला चार दिवस झाले होते. गार पाण्याची बाजू अडकते, व्हॉल्व्ह बदला, असं भिकाजी प्लंबरने व्यवस्थापक खांडेपारकरांना दोनदा बजावलं होतं. तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं. आज चौकशी होणार म्हटल्यावर सकाळीच त्यांचे भिकाजीला निरोपावर निरोप आले.

भिकाजीने गिळून टाकला राग. उरलेल्या म्हाताऱ्यांना तरी भाजायला नको, म्हणून त्याने नवा व्हॉल्व्ह बसवला. तेवढ्यात चौकशीच्या बाई दारात आल्या.

"जुनाही उत्तमच होता हो," खांडेपारकर ऐटीत म्हणाले. "म्हातारीनेच भलतीकडे फिरवला. आम्ही आपला लोकांच्या समाधानासाठी बदलला."

काढलेली वस्तू मालकाच्या हाती द्यायची, ही भिकाजीची नेहमीची रीत. क्षाराने पांढरा पडलेला तो पितळी व्हॉल्व्ह त्याने फडक्याने पुसला आणि पुढे धरला.

"उत्तम आहे तर भंगारात कशाला घालायचा, साहेब? तुमच्या घरी आईसाहेब आंघोळ करतात ना, त्या शॉवरला बसवून देतो. आत्ताच येतो."

"नको!" खांडेपारकर दोन पावलं मागे सरले.

बाईंनी वही उघडली आणि तो शब्द सर्वांत आधी लिहून घेतला.