धुरपदेनं झेललं

ऐकायचं असेल तर नीट मांडी घालून बसा, आणि मधे मधे "खरंच का?" असं विचारू नका. मी काही तिथं नव्हतो. माझा आजाही नव्हता. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा आपल्या तेजीवाडीत माणसांपेक्षा घोडी जास्त होती, आणि मानही घोड्यांनाच जास्त होता.

हैबतराव नाईकांची पागा होती गावात. चाळीस घोडी दावणीला असायची. चंपाषष्ठीला पागेतले सगळे स्वार वेशीपासून खंडोबाच्या टेकडीपर्यंत घोडी पळवत, आणि पळवण्याआधी एक रीत होती. रिकिबीत पाय घालायचा आणि चामड्याच्या वादीनं तो रिकिबीला करकचून बांधायचा. त्या वादीला म्हणायचे इमानाची वादी. देवासमोर शपथ असायची, घोडं आणि मी एक. जो पडला त्याचं इमान पडलं, मग त्याला पागेत तोंड दाखवायला जागा नाही.

आता तुम्हीच सांगा, घोडं बुजलं, ठेचाळलं, तर बांधलेल्या माणसाचं काय व्हायचं? पण हे विचारायची कुणाची छाती नव्हती. चांगले शहाणेसुरते लोक असली येडी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालवतात बघा, आणि वर मिशीला पीळ भरतात.

या गावात धुरपदाक्का राहायची. हाडवैदीण होती. विद्या तिला बापाकडून आली. बांबूच्या कांब्या, उडदाचं पीठ, अंड्याचा बलक आणि हाडं सांधणारी कांडवेल एवढ्या सामानावर तिनं अर्ध्या पागेची हाडं जोडली होती. डोळे मिटून ती मोडल्या जागेवर बोटं ठेवायची आणि हाड तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात.

मनगट मोडलेला आला की म्हणायची, "पडताना हात टेकलास ना रे?" गळ्याखालची हासळी मोडलेला आला की म्हणायची, "हात ताठ ठेवलास, सगळा भार खांद्यात गेला." बरगड्या मोडलेल्याला म्हणायची, "लगाम सोडला नाहीस, म्हणून घोडं अंगावर ओढून घेतलंस." स्वार थक्क व्हायचे. ती तिथं नसायची, तरी तिला सगळं दिसलेलं असायचं.

फक्त एक मोडलेला माणूस तिला जोडता आला नाही. तो तिचा नवरा, सुभाना. एका चंपाषष्ठीला त्याचं घोडं बुजलं, सुभाना खोगिरावरून घसरला, पण पाय बांधलेलेच. घोड्यानं त्याला पायथ्यापर्यंत फरफटत नेलं. तरीही तो जिवंत होता हो! पण धुरपदा धावत पोचेपर्यंत चौघांनी मायेपोटी त्याला काखेत धरून उठवून बसवलं, कुणी पाणी पाजायला लागलं. दुखावलेली मान तेवढ्यानं कलंडली. धुरपदेनं मानेला बोटं लावली, आणि त्या दिवशी हाड काही बोललं नाही.

दुसऱ्या बायका रडल्या. ती रडली नाही. ती म्हणाली, "हाडं जोडून जोडून माझे हात थकले. आता मी पडायला शिकते."

आणि खरंच शिकली की! पहाट फुटली की नांगरलेल्या वावरात जायची आणि पडायची. आधी बांधावरून, मग बैलगाडीवरून, मग गाढवावरून. लोक हसले. म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं, नवऱ्याच्या दुःखानं वारं लागलं. ती मात्र गावात हिंडायची. कडब्याच्या गंजीवरून घसरणारी पोरं बघायची. दारू पिऊन ओढ्यात पडणारा गेणू बघायची. गेणू रोज पडायचा आणि रोज शिव्या देत धडधाकट घरी जायचा. धुरपदा म्हणाली, "हा ताठत नाही. भीतीनं जो ताठला तो मोडला." सात वर्षं ती पडत होती, आणि सात वर्षांत त्या वावरातल्या ढेकळांना तिच्या अंगाची ओळख झाली, असं म्हणतात.

आठव्या वर्षी तिच्या एकुलत्या एक लेकाला, रायाजीला, पागेत घोडं मिळालं. चंपाषष्ठी दोन दिवसांवर आली. रायाजी घरी बसून वादीला तेल लावत होता.

धुरपदा म्हणाली, "रायाजी, ही बांधू नकोस."

"आये, माझी अब्रू घालवतीस का? न बांधता गेलो तर जन्मभर भित्रा म्हणतील."

"तुझ्या बापाला कुणी भित्रा म्हणालं नाही बाबा. पण तो कुठंय?"

रायाजीनं मान खाली घातली, पण वादी काही हातातून सोडली नाही. पोरगा वाईट नव्हता. गावापुढं हट्टाला पेटला होता.

तेव्हा धुरपदा तडक पागेत गेली. नाईक घोड्यांचा खरारा बघत उभे होते. ती म्हणाली, "नाईक, वादी बंद करा."

नाईक म्हणाले, "अक्का, वादी माझी नाही. देवाची आहे."

"मग देवाच्या पुढंच होऊ द्या. तुमची ती अबलख घोडी आहे ना, वीज? जिच्यावर कुणी टिकत नाही? तिच्यावरून मी तीनदा पडते, त्या मुरमाच्या माळावर. तीनदा पडून माझ्या पायानं चालत येऊन भंडारा कपाळाला लावला, तर वादी बंद. नाही उठले, तर तुमची वादी खरी."

पागा हसली. साठीची बाई, आणि वीज घोडी! नाईक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव माळावर. धुरपदेनं लुगड्याचा काचा घट्ट मारला, खोगिराला हात लावला, घोडीच्या कानात काहीतरी बोलली आणि वर बसली. काय बोलली, ते कुणालाच माहीत नाही. वीज निघाली. तिच्या टापांनी माळावरची धूळ उठली ती देवळाच्या कळसाला लागली, असं म्हणतात.

पहिल्यांदा धुरपदा डाव्या अंगाला पडली. पडण्याआधी पाय रिकिबीतून मोकळे, लगाम हातातून मोकळा, हनुवटी छातीला. हात भुईला टेकलेच नाहीत. खांद्यावर आली, पाठीवरून लोळली, घोडीपासून लांब गेली आणि उठली. लुगड्यावरची धूळ झटकली.

दुसऱ्यांदा वीज थबकली, मान खाली घातली, आणि धुरपदा तिच्या मानेवरून पुढं फेकली गेली. बायकांनी डोळे झाकले. ज्यांनी झाकले नाहीत, ते पुढं सांगायचे की ती हवेतच मुटकुळं झाली, आणि गाठोडं टाकावं तशी भुईवर आली, पण आवाज काही झाला नाही. म्हणे मुरमाचा माळ तेवढ्या जागी नांगरटीसारखा मऊ झाला. उठली. पुन्हा घोडीवर बसली.

तिसऱ्यांदा वीज भरधाव सुटली. इतकी, की तिची सावली मागं राहिली म्हणतात. आणि त्या वेगात घोडीच ठेचाळली. घोडी आणि बाई दोघी धुळीत दिसेनाशा झाल्या. धूळ बसली तेव्हा वीज लांब उभी थरथरत होती आणि धुरपदा भुईवर निपचित पडली होती.

"आये!" म्हणून रायाजी धावला. खाली वाकून तिच्या काखेत हात घालणार, तोच डोळे मिटलेली धुरपदा बोलली.

"हात लावू नकोस! तुझ्या बापाला असंच उचललं. आधी नाव विचार."

रायाजीनं हात मागं घेतले. कसंबसं म्हणाला, "नाव... नाव काय तुझं?"

"धुरपदा. डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं. आता विचार, पायाची बोटं हलतात का. हाताची हलतात का. मान दुखते का. दुखत असंल तर फळी आण आणि जसा पडलाय तसा ठेव. नसंल तर त्याचा त्याला उठू दे. घाई करायची नाही रे, घाई करायची नाही!"

तिनं बोटं हलवली. मान सावकाश वळवून बघितली. मग उठली, आपल्या पायानं चालत गेली आणि भंडारा कपाळाला लावला. माळावर कुणी "येळकोट" म्हणालं नाही. सगळे नाईकांकडं बघत होते.

नाईकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अक्का, तू जिंकलीस. पण देवाची वादी मी माणसानं कशी तोडू?"

एवढ्यात देवळातला गुरव धावत आला. टेकडीकडं हात दाखवत होता. सगळे टेकडीवर पळाले. तिथं घोड्यावर बसलेला दगडी खंडोबा आहे, तुम्ही बघितलाय. देवाचा पाय पिढ्यान्‌पिढ्या रिकिबीत होता. त्या दिवशी तो रिकिबीच्या बाहेर होता. आजही आहे. पाथरवटाची चूक आहे म्हणणारे शहाणे भेटतात. म्हणू देत. त्यांच्या तोंडाला कोण लागणार?

नाईकांनी कमरेचा बिचवा काढला आणि चाळीस घोड्यांच्या वाद्या आपल्या हातानं कापल्या.

धुरपदा तेवढ्यावर थांबली नाही. तिनं त्याच दिवशी प्रत्येक स्वाराला आपल्या वावरात आणून पाडलं. "पाय सोड! लगाम सोड! हात पोटाशी! हनुवटी आत!" मोठमोठ्या मिशांचे गडी ढेकळात लोळत होते आणि ती काठी घेऊन ओरडत होती. रायाजी सगळ्यांत शेवटी आला. लाजत लाजत एकदाच पडला. ती म्हणाली, "एवढ्यानं भागंल का, ते देवाला ठाऊक."

चंपाषष्ठी उजाडली. घोडी सुटली. टेकडीच्या पहिल्या वळणावर रायाजीच्या घोड्याचा पाय दगडात गेला आणि रायाजी खाली आला. मागून नऊ घोडी येत होती. लोकांनी बघितलं, त्याचे पाय सुटले, लगाम सुटला, तो गोळा झाला, लोळला, आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून तसाच पडून राहिला. नऊच्या नऊ घोडी त्याच्यावरून गेली. एकाही टापेचा ठसा त्याच्या अंगावर उठला नाही, असं म्हणतात.

पण तो उठतही नव्हता.

सगळा गाव भोवती जमला. कुणीही हात लावला नाही. धुरपदा आली, लेकाशेजारी बसली. सात वर्षं ज्यासाठी ती पडली, तो प्रश्न तिच्या तोंडातून निघेना. मान दुखावलेल्या सुभानाजवळ बसली होती तशीच ती बसली होती.

मग गर्दीतून हैबतराव नाईक पुढं आले. ज्यांच्या पागेत पडलेल्याचं तोंड कुणी बघत नव्हतं, ते नाईक धुळीत गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "लेकरा, नाव काय तुझं?"

उत्तर नाही.

नाईकांनी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. धुरपदेनं लुगड्याचा पदर तोंडात धरला.

नाईक तिसऱ्यांदा म्हणाले, "नाव सांग रे बाबा. गाव उभा आहे."

"रायाजी," धुळीतून आवाज आला. "धुरपदेचा रायाजी. आये, बोटं हलतात."

त्या दिवशी धुरपदा रडली. आठ वर्षांचं एकदम रडली. आणि तिच्याबरोबर सगळा गाव रडला, नाईकांसकट.

पुढं ती खूप जगली. नव्वदीला एका सकाळी आपल्या वावराच्या बांधावरून पडली ती उठली नाही. लोक पोचले तेव्हा ती कुशीवर होती, पाय पोटाशी, हनुवटी छातीला, हात आत. भुईनं तिला झोपवून घेतलं, असं म्हणतात. ते वावर तेव्हापासून कुणी पेरत नाही. फक्त नांगरतात.

आता पागा नाही, घोडी दोन-चारच. पण तुम्ही बघता की, चंपाषष्ठीला घोड्यावर बसणाऱ्यानं आधी धुरपदेच्या वावरात एकदा लोळायचं. लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवालासुद्धा सुटका नाही. फेटा, बाशिंग काढून करवलीकडं द्यायचं आणि भरजरी कपड्यात एक लोळण घ्यायची, मगच घोडं. बाहेरगावचे वऱ्हाडी हसतात. आपण नाही हसत.

आणि गावात कुणीही पडलं, झाडावरून, सायकलवरून, जिन्यावरून, तरी कुणी ओढून उठवत नाही. शेजारी बसायचं आणि नाव विचारायचं. मागल्या दिवाळीत मी ओसरीवरून घसरलो. माझी नातसून पुण्याची, लग्न होऊन चारच महिने झालेले. मला वाटलं, आता ही घाबरून मला ओढणार. ती माझ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "आजोबा, नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं. बोटं हलवली. मग तिनं हात पुढं केला आणि आपल्या गावात जे म्हणतात ते म्हणाली, "उठा. धुरपदेनं झेललं."