राघूला सांभाळणार कोण?

वेणूच्या बाबांच्या पाठीवर रोज पहाटे एक झोळी असायची, आणि झोळीत असायचा राघू. राघू म्हणजे वेणूचा धाकटा भाऊ. गोबरे गोबरे गाल, काळेभोर डोळे आणि वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढे दोन दात. राघूच्या जन्मानंतर आई देवाघरी गेली होती. तेव्हापासून घरात तिघंच होती. राघू, वेणू आणि त्यांचे बाबा, सुभाना.

सुभाना टेकडीवरच्या मोगऱ्याच्या बागेत कळ्या खुडायला जायचा. ती बाग किती सुंदर होती म्हणून सांगू! हिरव्यागार पानांत पांढऱ्याशुभ्र इवल्या इवल्या कळ्या. उजाडू लागलं की पूर्वेकडून गुलाबी उजेड हळूहळू झिरपायचा आणि कळ्यांच्या टोकांवर चमचम करायचा. पण कळ्या मोठ्या हट्टी. टेकडीवरून ऊन बागेत उतरलं की त्या पटापट उमलायच्या, आणि उमललेलं फूल बाजारात कुणी घेत नसे. म्हणून उन्हाच्या आधी टोपली भरायलाच हवी.

आणि तिथंच सगळं अडायचं. सुभाना वाकला की पाठीवरचा राघू रडायचा. उभा राहिला की त्याचे केस ओढायचा. एकदा तर त्याने मूठभर कळ्या तोंडात कोंबल्या, आणि बाबांना टोपली टाकून त्याच्या तोंडात बोट घालत बसावं लागलं.

"बाबा, मी राहते ना घरी राघूपाशी," वेणू म्हणायची.

"तू सात वर्षांची चिमणी," बाबा तिची वेणी घालत म्हणायचे. "परवा हा चुलीकडे रांगत गेला, तेव्हा तुझ्याने उचलवला तरी का? तुलाच कुणीतरी सांभाळायला हवंय."

गावात लहान मुलं सांभाळणाऱ्या एक अनसूमावशी होत्या. मायाळू, पण बोलायला सडेतोड. सुभानाने त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सांभाळीन की! पण पोर एक असो की दहा, रोजची एक टोपली कळ्या घेईन. पोर सांभाळणं म्हणजे बसून खाणं नव्हे, भाऊ. दिवसभर कंबर मोडते."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण सुभानाची टोपली एकच. ती मावशींना दिली, तर चूल कशावर पेटणार?

एके दिवशी सूर्य वर आला तरी सुभानाची टोपली अर्धीच होती. बागेच्या मुकादम चंद्राबाई कमरेवर हात ठेवून आल्या.

"सुभाना, ही बाग आहे की पाळणा? तीन दिवसांत पोराची सोय कर. नाहीतर तुझी झाडांची ओळ मी दुसऱ्याला देणार. मग मला बोल लावायचा नाही."

सुभानाने अर्धीच टोपली उचलून डोक्यावर घेतली.  बाग सुटली तर बाबांना कामासाठी दूर, डोंगरापलीकडे जावं लागलं असतं. मग राघूला आणि तिला कोण?

दुसऱ्या दिवशी पहाटे वेणूने ठरवलं, आपणही खुडायचं, भराभरा खुडायचं. चिमुकली बोटं धावू लागली. खुडकन, खुडकन, खुडकन! आणि घाईघाईत तिच्या हातून मोठी चूक झाली. त्या बागेची एक रीत होती. प्रत्येक झुडपावर एक कळी राखायची, सगळ्यांत आतली. ती झाडाची. तिला कुणी हात लावायचा नाही. वेणूने नेमकी तीच खुडली.

"अगं आई गं!" कळीतून बारीकसा आवाज आला. "कुणी मोडलं माझं घर?"

पाकळ्या हलल्या आणि आतून एक परी डोकावली. वेणूच्या करंगळीएवढी! पोपटी परकर, परागांची पिवळीधम्मक पावलं आणि पाकळीसारखे पातळ, झुळझुळते पंख.

दुसरं कुणी असतं तर कळी लपवली असती. वेणूच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "मी मोडलं. चूक माझी आहे. थांब हं, मी तुला सुकू देणार नाही."

तिने नारळाच्या करवंटीत पाणी घेतलं, कळीचं देठ त्यात ठेवलं आणि ती करवंटी दाट सावलीत, मऊ गवतावर अलगद टेकवली. वर स्वतःच्या ओढणीचा आडोसा केला.

परी पाण्यात पाय सोडून बसली आणि खुदकन हसली. "घर मोडणारे खूप पाहिले, पण असं नवं घर देणारी तूच. माग, तुला तीन इच्छा देते. रोज पहाटे एक. पण नियम ऐक. पहिल्या दोन इच्छा ऊन बागेत येईपर्यंतच टिकतात. तिसरी कायम टिकते, पण ती झाली की मी निघाले. आणि माझ्याकडे माणूस मागायचा नाही. माणूस कळीत मावत नाही गं."

वेणूने क्षणात मागितलं, "माझ्या राघूला आपोआप हलणारा पाळणा दे!"

परीने पंख झटकले. दोन झुडपांमध्ये कोळ्याच्या रुपेरी धाग्यांचा पाळणा झुलू लागला. वर रंगीबेरंगी फुलपाखरांचं खेळणं! राघू खिदळला. थोड्या वेळाने त्याला भूक लागली आणि तो रडू लागला. पाळणा आपला झुलतच राहिला. राघू आणखी रडला, पाळणा आणखी जोरात झुलला. त्या पाळण्याला झुलणं येत होतं, पण भूक कळत नव्हती. शेवटी बाबा धावत आले. तेवढ्यात ऊन उतरलं, पाळणा विरघळला आणि राघू गवतावर पडला. पडला तो नेमका स्वतःच केलेल्या ओल्या जागी!

दुसऱ्या पहाटे वेणू म्हणाली, "बाबांना आणखी दोन हात दे."

आणि खरंच, सुभानाच्या खांद्यांतून दोन नवे हात फुटले! दोन हात कळ्या खुडू लागले, दोन हात राघूला खेळवू लागले.

"अगं बाई, सुभानाभाऊ, एक हात आम्हालाही उसना द्या की!" शेजारच्या ओळीतली साखरा ओरडली, आणि सगळी बाग हसली. पण नवे हात खोडकर निघाले. राघूने टाळी मागितली की ते टाळी द्यायचे. मग जुन्या हातांनाही मोह व्हायचा. चारही हात टाळ्या पिटत बसले आणि टोपली तशीच राहिली. ऊन आलं, नवे हात गेले, पण चार हातांचा थकवा दोनच हातांत उरला. बाबांना संध्याकाळी भाकरीसुद्धा मोडवेना. वेणूने त्यांना घास भरवले. तेही हसत होते, तीही हसत होती, पण आता उद्याचा एकच दिवस हातात होता.

तिसऱ्या पहाटे परी करवंटीच्या काठावर उभी होती. "वेणू, ही शेवटची. नीट विचार करून माग."

वेणूने विचार केलाच होता. बाबांना रोज एक जास्तीची भरलेली टोपली मागायची. ती अनसूमावशींना द्यायची, की झालं! ती तोंड उघडणार, इतक्यात तिचं लक्ष साखराकडे गेलं. साखरा दोन कळ्या खुडायची आणि मान वळवून गावाकडे बघायची. पुन्हा दोन कळ्या, पुन्हा गावाकडे.

"साखराकाकू, काय बघता?"

साखरा हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको हं. माझी पोर घरात एकटीच आहे. लुगड्याने खाटेच्या पायाला बांधून आलेय तिला. रडत असेल का गं?"

 म्हणजे बाबा एकटेच नव्हते! तिने बागेवर नजर फिरवली. इतकी माणसं वाकून खुडत होती. आणखी किती जणांची बाळं अशी घरी असतील?

तिने जास्तीच्या टोपलीवर मनातल्या मनात पाणी सोडलं. "परी, या बागेतल्या प्रत्येकाला घरी ठेवलेलं आपलं बाळ दिसू दे. आणि शेजारच्याचंही दिसू दे."

परीने तिच्याकडे खूप मायेने पाहिलं. मग पंख पसरले. बागेतली कळी न् कळी आरशासारखी लखलखली. एका कळीत उंबऱ्यावर अंगठा चोखणारा मुलगा. एकीत म्हाताऱ्या आजोबांच्या काठीशी झोंबणारी जुळी. एकीत खाटेला बांधलेली, पण मजेत स्वतःचा पाय चघळणारी साखराची पोर. चालणारे हात थांबले. माणसं एकमेकांच्या ओंजळीत डोकावू लागली.

"हा तुझा? अरे, तू तर सांगितलं होतंस, आजी बघते म्हणून!"

"लाज वाटली रे. तुझी तरी कुठं सोय आहे?"

चंद्राबाईंच्या हातातल्या कळीत त्यांचा नातू दिसत होता, दाराच्या कडीशी खेळणारा. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मेलं, धूर गेला डोळ्यात." बागेत धूर कुठंच नव्हता.

मग वेणू एक रिकामी टोपली घेऊन मधोमध आली. तिने स्वतः खुडलेल्या कळ्यांची ओंजळ त्यात टाकली. "अनसूमावशींना रोज एक टोपली लागते. एकट्याला ती जड आहे. पण ओंजळ कुणाला जड आहे?"

 पहिली ओंजळ पडली साखराची. मग सुभानाची. मग चंद्राबाईंची. बघता बघता टोपली शिगोशीग भरली आणि कळ्या बाहेर सांडू लागल्या.

निरोप मिळताच अनसूमावशी आल्या. टोपली बघून त्यांनी कंबर कसली. "आणा सगळी कारटी इकडं! बागेच्या कडेच्या या आंब्याखाली बसते. दिसतील तुम्हाला, रडली तर ऐकू येतील. पण दूध ज्याने त्याने आणायचं, सांगून ठेवते!"

"आणि बाबांची ओळ?" वेणूने चंद्राबाईंना विचारलं.

"सुभानाचीच आहे. कुणाची हिंमत आहे घ्यायची?" चंद्राबाई म्हणाल्या. त्यांच्या कडेवर तोवर राघू चढून बसला होता आणि त्यांची नथ ओढत होता.

माणसं धावत गेली आणि आपापली बाळं आंब्याखाली घेऊन आली. तेवढ्यात टेकडीवरून ऊन उतरलं. परी त्या उन्हात उभी राहिली. आधी तिचे पंख सोनेरी झाले, मग परकर, मग हसू. "सुखात राहा, वेणू," ती म्हणाली. तिचा झाला नुसता उजेड, आणि तो उजेड आंब्याखाली रांगणाऱ्या बाळांच्या डोक्यांवर सांडला.

पाठीवर झोळी नसलेले बाबा त्या दिवशी पहिल्यांदाच ताठ उभे राहिले. वेणूला वाटलं, अरेच्चा, आपले बाबा इतके उंच आहेत!