कोष्ट्याचं पिठलं

खूप खूप जुनी गोष्ट आहे. ज्या राजाच्या काळात ती घडली, त्या राजाचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही. पण कोण काय जेवलं आणि कुणाला काय बोललं, हे मात्र लोकांच्या लक्षात राहिलं.

घाटाच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. तिथे एक तांबट राहत होता. त्याच्या आळीतच एक कोष्टी, एक माळीण आणि एक गुरव अशी शेजारीपाजारी मंडळी होती. चौघांनाही खाण्याची भारी आवड. दुपार झाली की हातातलं काम ठेवून ते विहिरीजवळच्या चिंचेखाली जमत. आपापली शिदोरी सोडत आणि सगळं मधे ठेवत. कुणाची आमटी, कुणाची भाजी, कुणाचा ठेचा, याचा हिशेब कुणी ठेवत नसे.

बाजाराच्या दिवशी मात्र चौघं गावाबाहेरच्या खाणावळीत जात. घरी न होणारे पदार्थ तिथे मिळत. येताना वाटभर एकच चर्चा, आज त्या भाजीत काय होतं?

तांबटाची जीभ फार तल्लख होती. एका घासात तो सांगे, "ही चिंच नाही, आमसूल आहे. आणि फोडणी दोनदा दिलीय." खाणावळीची बाई तोंडात बोट घाली. हळूहळू लोक त्याला मुद्दाम बोलावून चव विचारू लागले. तांबटाला ते आवडू लागलं.

त्याच साली कोष्ट्याची बायको आजारी पडली आणि गेली. कोष्टी बरेच दिवस बाहेरच आला नाही. मग माळणीने आग्रह केला म्हणून चिंचेखाली येऊ लागला, पण रिकाम्या हाताने. दुसऱ्यांचे दोन घास खायचा आणि मागाकडे परत जायचा.

एके दिवशी त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं भांडं होतं. ते मधे ठेवत तो लाजून म्हणाला, "पिठलं आहे. मीच केलंय."

माळणीने लगेच भाकरी मोडली. "वा रे भाऊ! वाढ बघू मला जास्तीचं," ती म्हणाली.

तांबटाने एक घास घेतला आणि थांबला. "गुठळ्या झाल्यात," तो म्हणाला. "जिरंही करपलंय."

गुरवाने मान खाली घातली. कोष्टी मात्र हसला. "शिकेन रे हळूहळू," तो म्हणाला.

पुढेही तो रोज काही ना काही आणत राहिला. तांबट रोज काही ना काही चूक काढत राहिला. त्यात त्याला वाईट काहीच वाटत नव्हतं. कोणीतरी खरं सांगितल्याशिवाय हा शिकणार कसा, असंच तो मनात म्हणे.

मग बाजाराच्या एका दिवशी खाणावळीत दूरदेशीचे व्यापारी उतरले. तेही खवय्ये होते. तांबटाची जीभ पाहून ते खूश झाले आणि त्यांनी त्याला आपल्या पंगतीत बसवलं. गप्पा रंगल्या. त्यांना हसवण्याच्या भरात तांबट बोलून गेला, "आमच्यात एक कोष्टी आहे. पिठलं असं करतो, की गाठी सोडवायला मागावरच बसावं लागेल!"

पंगतभर हशा पिकला. कोष्टी समोरच्या ओळीत बसला होता. तोही हसला. हसता हसता त्याने अर्धं जेवण तसंच ठेवून पत्रावळ मिटली आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी तो चिंचेखाली आला नाही. तिसऱ्या दिवशी गुरव बोलवायला गेला, तर म्हणाला, "मागावरून उठवत नाही. इथेच खातो काहीतरी."

काही दिवसांनी माळीणही यायची थांबली. तांबटाने विचारलं तेव्हा ती तोडून म्हणाली, "माझ्या भाजीलाही तुम्ही काहीतरी म्हणालच की, दादा. घरी निवांत जेवते मी." एकट्या तांबटाबरोबर बसायला गुरवाचंही मन घेईना.

तांबटाने आधी मनावर घेतलं नाही. तो खाणावळीतच जास्त जाऊ लागला. तिथे उत्तम जेवण मिळे, मानही मिळे. पण व्यापारी जेवून आपल्या वाटेने निघून जात. परतीच्या रस्त्यावर तांबट एकटा असे. आजच्या रश्शात खोबरं भाजून घातलं होतं, हे कळे, पण सांगायचं कुणाला? घास गोड लागेनासा झाला.

शेवटी एका दुपारी तो कोष्ट्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

कोष्टी लगबगीने उठला. "या, बसा," तो म्हणाला. त्याने पाट मांडला, हातपाय धुवायला पाणी दिलं. आयुष्यभर 'अरे-तुरे' करणारा हा गडी आज आपल्याला 'या, बसा' म्हणतो, हे तांबटाच्या लगेच लक्षात आलं.

"जेवूनच जा," म्हणत कोष्टी भर उन्हात बाहेर पडला आणि खाणावळीतून आमटी, भाजी, पुऱ्या घेऊन आला. सगळं त्याने नीट वाढलं.

"अरे, हे कशाला? चुलीवर आहे तेच वाढ की," तांबट म्हणाला.

"ते माझ्यापुरतं आहे."

"मला चालेल रे."

"तुम्हाला चालेल हो. माझाच हात धजायचा नाही."

"चुकलं माझं," तांबट म्हणाला.

"तुम्ही बोललात ते खरंच होतं. गुठळ्या व्हायच्याच," कोष्टी शांतपणे म्हणाला. "पण ती गेल्यावर एकट्यासाठी चूल पेटवावीशी वाटत नव्हती. तुम्ही सगळे खाल, म्हणून पेटवली होती... जेवा, गार होतंय."

तांबट जेवला. आमटी अप्रतिम होती. तिच्यात नाव ठेवायला काहीही नव्हतं, पण तिचा एकही घास त्याला गोड लागला नाही.

त्यानंतर तांबट स्वतः चुलीपुढे बसला. भाजी करून कोष्ट्याकडे घेऊन जाऊ लागला. कधी मीठ जास्त पडे, कधी बुडाला लागे. कोष्टी दोन्ही हातांनी भांडं घेई आणि दरवेळी म्हणे, "छान झालंय हो."

शेजाऱ्याचं भांडं परत करताना त्यात घरचं काहीतरी घालून द्यावं, अशी त्या गावची रीत होती. कोष्टी ते भांडं घासून, लख्ख करून परत पाठवी. तांबट दारातच झाकण काढून पाही. भांडं दरवेळी रिकामंच असे. कोष्ट्याच्या हातचा घास त्याला पुढे कधीच मिळाला नाही.

तात्पर्य: पानातल्या घासाला नाव ठेवण्याआधी तो वाढणाऱ्या माणसाकडे पाहावं; एकदा आखडलेला हात नुसत्या पश्चात्तापाने पुन्हा पुढे येत नाही.