छोट्या ट्रॅक्टरचा पंजा

यंत्रं बोलायची, त्या काळातली गोष्ट. माळावरची गुरं तहानलेली होती, म्हणून बयाक्काच्या छोट्या ट्रॅक्टरला बुजलेला झरा उकरायचा होता. त्यासाठी मागे जोडायचा खोदपंजा निवडायला दोघं दुकानात आली. सर्वांत मोठा पंजा पाहून ट्रॅक्टर हरखला. "मला हाच हवा."

"बाबा, माझ्या वजनाने तूच उलटशील," मोठा पंजा म्हणाला. तरी ट्रॅक्टरने हट्टाने जोडून पाहिला, तर त्याची पुढची चाकं अधांतरी झाली.

"धाकटा घेऊ," बयाक्का म्हणाली.

माळावर धाकटा पंजा ओंजळ-ओंजळ माती काढत राहिला. ट्रॅक्टर मनातून खट्टूच होता. अखेर तळाचा दगड हलला, थंडगार पाणी उसळलं आणि एवढ्याशा खड्ड्यात सगळं आभाळ उतरलं.

ट्रॅक्टरने आपलं इंजिन हळूच बंद केलं. पहिली गाय पुढे आली आणि तिने पाण्याला तोंड लावलं.